तत्त्वज्ञानाच्या तीन पाळ्या

राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र. हे तीन शब्द मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितले आहेत की आता कुणी "काय शिकतेस?" म्हणालं की मी नुसतं "बी.ए." म्हणते आणि गप्प बसते. पूर्वी मी उत्साहाने समजावून सांगायची. राज्य कसं चालतं, पैसा कसा चालतो आणि माणसाने कसं चालावं, हे एकदम शिकायचं, असं काहीतरी. ऐकणारा मान हलवायचा आणि विचारायचा, "मग बी.एड. करणार का?"

घरी तर आनंदच होता. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर. अम्माला मी तिन्ही विषयांची नावं सांगितली तेव्हा ती शेवया वाळत घालत होती. तिने मान वर न करता एवढंच विचारलं, "एंदुकु?" म्हणजे कशाला. त्या एका शब्दाला मी अर्धा तास उत्तर दिलं. शेवटी ती म्हणाली, "बरं, कडेची उलटी कर," आणि मी शेवया उलट्या केल्या. मामाने मात्र सगळ्यांसमोर सांगून टाकलं की कॉमर्सला प्रवेश मिळाला नसणार. मिळाला होता. पहिल्या यादीत मिळाला होता. हे मी मामाला आजतागायत पटवू शकलेले नाही.

माझ्या डोक्यात जे होतं ते साधं होतं. एका लांबच्या शहरातल्या विद्यापीठात हे तिन्ही विषय एकत्र घेऊन एम.ए. करता येतं. अट एकच, पदवीला तिन्ही विषय शेवटपर्यंत असले पाहिजेत. मी ते माहितीपत्रक कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर इतक्यांदा उघडलं होतं की ग्रंथपाल बाईंना वाटायचं मी नोकरीचा अर्ज भरतेय. मला तिथं जायचं होतं. सोलापूरचा कंटाळा आला होता असं नाही, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर "असंच असतं" एवढंच मिळतं या गोष्टीचा कंटाळा आला होता. असं का असतं, हे विचारायला पगारी माणसं बसवलेली एखादी जागा जगात आहे, हे कळल्यावर मला धीर धरवेना.

आमच्या कॉलेजात तिन्ही विषय होते. म्हणजे छापील पत्रकात होते. तत्त्वज्ञानाला कुणी नसायचं. मी दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा आम्ही तिघं होतो. एक सांगोल्याकडचा मुलगा, घरची मेंढरं, शेती कोरडवाहू, वसतिगृहात राहायचा आणि सगळ्या परीक्षांत पहिला यायचा. दुसरी माझी मैत्रीण. तिच्या वडिलांचे आणि चुलत्यांचे टेंपो होते, घरात दखनी, बाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही. तिसरी मी.

जुलैत वेळापत्रक लागलं आणि आम्ही तिघं नोटीस बोर्डासमोर उभे राहिलो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा वाजता तत्त्वज्ञान. सोमवार ते शनिवार, रोज अकरा वाजता अर्थशास्त्र.

मैत्रीण म्हणाली, "ये छपाई की गलती है."

नव्हती. पुढचा आठवडाभर मी त्या कॉलेजात जेवढे खेटे घातले तेवढे रेशनकार्डात नाव घालायलाही घातले नव्हते. ऑफिसातले क्लार्क म्हणाले, वेळापत्रक समितीकडे जा. समिती म्हणजे कॉमर्सचे एक सर. ते म्हणाले, आम्ही विभागांनी दिलेल्या वेळा फक्त मांडतो, विभागात जा. अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, माझी साठ मुलं आहेत, अकराची वेळ गेली कित्येक वर्षं ठरलेली आहे, एस.टी.ने येणाऱ्या मुलांना ती सोयीची पडते. तत्त्वज्ञानाच्या सरांची अडचण वेगळी होती. ते तासिकेवर नेमलेले, वैरागहून एस.टी.ने यायचे, आठवड्यात तीनच दिवस, आणि दुपारी दुसऱ्या एका कॉलेजात शिकवायला पळायचे. त्यांना अकराखेरीज वेळच नव्हती. शेवटी प्राचार्य. प्राचार्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तीन मुलांसाठी सगळ्या कॉलेजचं टाइमटेबल हलवायचं का, तूच सांग."

मी म्हणाले, हो. ते हसले. मला हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

तेव्हा मी अक्कल चालवली. कल्पना संपूर्णपणे माझी होती, हे इथं लिहून ठेवते, कारण नंतर त्या दोघांनी मोठ्या मनाने "आपण तिघांनी ठरवलं" असं म्हणायला सुरुवात केली होती. वडिलांच्या कारखान्यात माग थांबत नाही, माणसं बदलतात. तसंच करायचं. सोमवारी सांगोलेकर तत्त्वज्ञानाला बसेल, बुधवारी मी, शुक्रवारी मैत्रीण. उरलेले दोघं अर्थशास्त्रात. जो बसेल तो बाकीच्यांसाठी वही लिहील. अर्थशास्त्राच्या मॅडम पंच्याहत्तर टक्के हजेरीवर अडून बसायच्या, त्यांच्याकडे आमची आठवड्यात एकच गैरहजेरी पडणार होती. तत्त्वज्ञानाचे सर हजेरीवरून कुणालाच अडवत नसत. म्हणजे जो माणूस कडक, त्याच्याकडे जायचं, आणि जो चांगला, त्याला टांग मारायची. हे त्या वेळी इतक्या उघड शब्दांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डोक्यात आलं होतं "श्रमविभागणी." तीनच दिवसांपूर्वी शिकले होते.

"आयडिया लई भारी हाय," सांगोलेकर म्हणाला. "पण वह्या द्यायच्या बरं का येकमेकाला."

"देणार ना," मी म्हणाले. "शब्द दिला."

मैत्रीणही म्हणाली, शब्द दिला.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. बुधवारी अकराला मी दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत जायची. खोलीत पंख्याचं एक पातं वाकलेलं, चाळीस बाकं, आणि पहिल्या बाकावर मी. सर डायस चढून उभे राहायचे, हजेरीपट उघडायचे, तिन्ही नावं मोठ्याने घ्यायचे. दोन नावांनंतर थांबायचे. कुणी नाही म्हटल्यावर माझ्या एकटीच्या नावापुढे खूण करायचे आणि शिकवायला लागायचे, तेही भरलेल्या वर्गाला शिकवतात तशा आवाजात. मला लाज वाटायची. मागे वळून पाहावंसं वाटायचं, कुणी आहे का. पण शिकवायचे असे की दहा मिनिटांनी मी विसरायची. न्याय म्हणजे काय, हे त्यांनी मला टॉवेलच्या कारखान्यावरून शिकवलं. एक माग बंद पडला, कामगार दोन, काम एकालाच. जो जुना त्याला द्यायचं, का ज्याची गरज जास्त त्याला, का ज्याचा हात चांगला त्याला? मी घरी येऊन वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "मालकाच्या भाच्याला." हेही मी वहीत लिहिलं आणि पुढच्या बुधवारी सरांना सांगितलं. सर इतके हसले की त्यांना खोकला लागला.

वह्यांची अदलाबदल राहिली ती राहिलीच. आम्ही तिघं रोज भेटायचो. एकत्र चहा घ्यायचो. मैत्रिणीच्या डब्यातल्या शेंगाचटणीवरून भांडायचो. जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचो, फक्त अकरा ते बारा वरच्या मजल्यावर काय झालं ते सोडून. वह्या काय, परीक्षेआधी बघू. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे दोन तृतीयांश दुसऱ्या दोघांकडे सुखरूप आहेत.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षा दोन आठवड्यांवर आली तेव्हा, आम्ही सकाळी कँटीनमध्ये तिन्ही वह्या एका टेबलावर उघडल्या. मी सांगोलेकराची घेतली. पहिलं पान, न्याय म्हणजे काय. पाणवठा एक, मेंढरांचे कळप तीन, पाणी एकालाच पुरेल एवढं. मी पान उलटलं. पुन्हा न्याय. पुन्हा मेंढरं. तोवर मैत्रीण माझी वही वाचत होती, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"अगे, मेरे में बी वोइच है," ती म्हणाली. "बस टॉवेल की जागा पे टेंपो है."

"आयला," सांगोलेकर म्हणाला, "म्हंजे सरांनी समद्यांना त्योच धडा शिकवला?"

तोच. तीन महिने. एक धडा सोमवारी मेंढरांवरून, तोच बुधवारी टॉवेलवरून, तोच शुक्रवारी टेंपोवरून, आणि मग पुढच्या आठवड्यात पुढचा धडा, पुन्हा तीनदा. अभ्यासक्रमाचा एक तृतीयांश झाला होता. उरलेला कुणाच्याच वहीत नव्हता.

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चिडले. तो शुक्रवार होता, मैत्रिणीची पाळी; तिचा तास संपवून सर बारा वाजता खाली उतरले. मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि विचारलं. जरा जास्तच मोठ्या आवाजात विचारलं, कारण वरून जाणारी मुलं थांबली.

"तुमी पाळ्या लावल्यात ते मला पयल्याच आठवड्यात कळलं," सर म्हणाले. वर्गाबाहेर त्यांची भाषा अशी सुटायची.

"मग सर, तुम्ही पुढं का गेला नाहीत?"

"कसं जाणार? सोमवारी सांगितलेलं बुधवारवालीला कोण सांगणार?"

"आम्ही सांगितलं असतं की एकमेकांना."

"सांगितलंत का?"

मी हातातल्या तीन वह्यांकडे पाहत राहिले. सर म्हणाले, "तिघांची फी सारखी, तिघांना सारखं मिळायला पाहिजे. मला दुसरं काय सुचलं न्हाय," आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेले.

चूक कुणाची? मी हा प्रश्न पुष्कळ दिवस घोळवला. सरांचा राग आला, हे खरं. एवढा शिकलेला माणूस, एकदा तरी आम्हाला धरून झापायचं होतं. तिघांना एका दिवशी बोलवायचं होतं. पण तो माणूस कुणाला बोलवायचा नाही. जो येईल त्याला शिकवायचा. आणि आम्ही तरी काय, समाजाने एकत्र कसं राहावं याची तीन तीन शास्त्रं शिकणारे तिघं, आम्हाला तीन वह्या एका टेबलावर ठेवायला तीन महिने लागले.

पण खरा घोळ याच्या पुढे आहे.

पुढच्या सोमवारी ऑफिसकडून निरोप आला. ज्या विषयांना मुलं कमी, त्यांचे हजेरीपट प्राचार्यांनी मागवले होते. दिवाळीनंतरच्या सत्रात कोणते विषय ठेवायचे ते ठरणार होतं. सरांचा हजेरीपट म्हणजे काय ते सांगायला नको. तीन नावं, आणि प्रत्येक दिवशी एक खूण. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, एका दिवसाचाही अपवाद नाही, रोज एकच मूल हजर. आमच्यापैकी एकाचाही विषय सुटू नये म्हणून मी जी शक्कल काढली होती, तिने कागदावर बरोबर एकच माणूस दाखवला होता.

आम्ही तिघं प्राचार्यांकडे गेलो. मी बोलले. अल्पसंख्यांचे हक्क, संस्थेची जबाबदारी, परीक्षेला येतात ते सगळे शब्द वापरले. प्राचार्यांनी पुन्हा पाणी दिलं.

"एक दिवस दाखव मला," ते हजेरीपट माझ्याकडे फिरवून म्हणाले, "ज्या दिवशी तिघं हजर होता."

एम.ए.चं ते माहितीपत्रक माझ्या डोळ्यांपुढे आलं. शेवटपर्यंत तिन्ही विषय. मी बाहेर आले आणि जे करायला नको होतं ते केलं. बुधवारी तासाला सरांना म्हणाले, सर, हजेरीपट सहीसाठी तुमच्याकडे परत आलाय, आमच्या खुणा भरून टाका. आमचं नुकसान वाचेल, तुमचंही काम राहील. सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"परवा तिघं या," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी आम्ही अर्थशास्त्र सोडून तिघं वर गेलो. सर आत आले आणि दारातच थबकले. डायसवर चढायचं विसरले. तिन्ही नावं घेतली, तीनदा "हजर" आलं, तीन खुणा केल्या, आणि मग खडू हातात धरून नुसते उभे राहिले.

"आता उदाहरण कुणाचं घ्यायचं?" ते म्हणाले. "हे मी ठरवलंच न्हाय."

मग उदाहरण न घेताच सुरू केलं. धडा होता दिलेल्या शब्दाचा. शब्द पाळण्यात तोटा असेल, आणि मोडला तर कुणाला कळणार नसेल, तरी का पाळायचा? मी अर्थशास्त्राच्या बाजूने बोलले, की बाजार विश्वासावर चालतो. सांगोलेकर म्हणाला, "विश्वास म्हंजे पुन्हा फायदाच की. फायदा न्हाय तितं काय?" मैत्रीण उसळली, वह्या द्यायचा आम्ही दिलेला शब्द तिने सरांसमोर काढला आणि म्हणाली, फायद्यासाठी देतात तो शब्द नाही, सौदा झाला. मी तिला खोडलं, त्याने मला खोडलं, सर मध्ये पडून दोघांनाही खोडायचे आणि वेगळ्याच बाजूने काडी लावायचे. दुसऱ्या वर्षाच्या त्या सगळ्या महिन्यांत मी इतकी जिवंत कधी झाले नव्हते. ज्यासाठी मला लांबच्या शहरात जायचं होतं ते हेच होतं, आणि ते दुसऱ्या मजल्यावर, वाकड्या पंख्याखाली, जुलैपासून मिळण्यासारखं होतं. फक्त तिघांनी एकदम वर यायला हवं होतं. अर्थशास्त्राच्या गैरहजेरीचं काय व्हायचं ते झालं असतं. बेल झाली तेव्हा सर म्हणाले, अर्धंच झालं, उरलेलं सोमवारी.

सोमवारी परीक्षेची सुट्टी लागली. परीक्षा आम्ही अपेक्षित प्रश्नांच्या पुस्तकावर पास झालो. दिवाळीनंतर बोर्डावर कागद होता, तत्त्वज्ञान हा विषय चालू सत्रापासून बंद, विद्यार्थ्यांनी पर्यायी विषय निवडावा. एका दिवसाच्या तीन खुणा कुणी मोजल्या नव्हत्या. मी भूगोलाचा अर्ज भरला. क्लार्कनी तो पाहून शिक्का मारला आणि खरंच आनंदाने म्हणाले, "बघा, आता अकराला फक्त अर्थशास्त्र. मिटली की तुमची अडचण!"

मी तशीच बाहेर पडले आणि एस.टी. स्टँडवर गेले. सर त्या दिवशी खोलीतली आपली पुस्तकं न्यायला आले होते, हे मला शिपायाकडून कळलं होतं. वैरागची बस जिथून सुटते त्या बार्शीच्या फलाटावर ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही आम्हाला ओरडला का नाहीत, बोलावलं का नाहीत, तुमचंही काम गेलं, माझं एम.ए. गेलं, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही.

"वाटतं की," ते म्हणाले. "बस हितं. अर्धा धडा राहिलाय."

आणि बस लागेपर्यंत त्यांनी तो शिकवला. मी रडत होते आणि लिहीतही होते. बसमध्ये चढताना ते म्हणाले, "त्या दोघांना सांग. तू शब्द दिलावता." मी मान हलवून पुन्हा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये त्या दोघांसमोर बसले आणि कालचं सगळं, वहीतलं एक वाक्य न गाळता, सांगितलं. असं करायची ती आमची पहिलीच वेळ. दोघांनी ऐकलं. सांगोलेकराने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मला येक सांग. ज्याला शब्द दिला त्यो माणूसच गेला, परत येनार न्हाय, तर त्यो शब्द ऱ्हातो का संपतो?"

मी वही चाळली. पुढं काही लिहिलेलं नव्हतं. त्याने विचारलेला प्रश्न सरांना विचारावा म्हणून मी सवयीने वार मोजला, मंगळवार होता, आणि बुधवारी अकराला मला अर्थशास्त्र होतं.